येण्याचं कारण

कुलदीपशेठच्या यार्डाच्या गेटवर मी अकरा वर्षं वही लिहितोय. वहीत सहा रकाने आहेत: तारीख, नाव, गाडी नंबर, आत आल्याची वेळ, येण्याचं कारण, बाहेर गेल्याची वेळ. अगदी कडेला शेऱ्याची एक चिंचोळी पट्टी आहे, तिच्यात सहसा माशीसुद्धा बसत नाही. संध्याकाळी शेठ येतो, पानाखाली सही ठोकतो आणि जातो. अकरा वर्षांत त्याने एकदाही वाचून सही केली नव्हती. एकदा मी मुद्दाम एका ड्रायव्हरच्या नावापुढे कारण लिहिलं, ‘सासू घरी आल्यामुळे’. त्यावरही सही झाली.

इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली. नाव माणूस खरं सांगतो, गाडीचा नंबर तर दिसतोच, वेळ माझ्या घड्याळाची असते. खोटं असतं ते कारण. कारण विचारलं की माणूस आधी मागे बघतो, मग सांगतो.

आमचा हा भाग खारेपाटातला. पूर्वी इथं मिठागरं होती, आता ट्रेलर उभे राहतात. मीठ ओढणाऱ्यांच्या नातवांनी ट्रक घेतले, ट्रकवाल्यांच्या पोरांनी यार्ड टाकले. कुलदीपशेठ त्यातलाच एक. वय बत्तीस, पण सगळे शेठ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्याच्या यार्डात तीन गोडाऊनं आहेत. त्यातल्या तीन नंबरची जमीन अशी घोटलेली की पाणी सांडलं तर कुठं जावं ते पाण्याला कळत नाही. मे महिन्यात तिथला फर्निचरवाला भाडेकरू माल उचलून गेला आणि गोडाऊन रिकामं पडलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रणाली खांद्यावर लांबलचक पिशवी घेऊन गेटवर आली. ही आमच्याच आळीतली. दिवसा शेजारच्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. वय सत्तावीस. लग्नाचं कुणी विचारलं, तर ही विचारणाऱ्याला त्याची शुगर किती ते विचारते.

“काका, तीन नंबरची चावी.”

“कुणाला विचारून?”

“शेठला. बायकांना संध्याकाळी पाच ते सात व्यायाम करायचाय म्हटलं. हो म्हणाला.”

म्हणणारच. त्याच्या डोळ्यांपुढे हात वर करून श्वास सोडणाऱ्या चार बायका आल्या असणार. मी पिशवीकडे बोट दाखवलं. “आणि ह्यात काय, चटया?”

तिने चेन ओढली. आत नऊ काठ्या होत्या. हलक्या, कमरेइतक्या उंच, टोकाला जाळीदार प्लास्टिकचं पातं, थोडं वळवलेलं. सोबत पांढरे चेंडू, पोकळ, भोकाभोकांचे. एक मी हातात घेतला. वजन लग्नाच्या पत्रिकेएवढं. भोकं मोजली. सव्वीस.

“फ्लोअरबॉल,” ती म्हणाली. “पनवेलला कॉलेजात चार वर्षं खेळले. चार भिंती आणि गुळगुळीत जमीन लागते. बाकी काही नाही.”

“हॉकीच ना ही?”

“हॉकीत वाकून कंबर जाते आणि चेंडू लागला तर दात जातात. हा लागला तर मच्छर चावल्यासारखं वाटतं. काठी कमरेच्या वर न्यायची नाही, दुसऱ्याच्या काठीवर मारायची नाही, अंगावर जायचं नाही. चेंडूला हात लावायचा तो फक्त गोलात बसणारीने. तिला काठीच नसते, ती गुडघ्यांवर बसते. मोठ्या मैदानात पाच आणि गोलकीपर. इथं आपण चार करू.”

“आणि बाकीच्यांनी?”

“बाकीच्यांनी पळायचं, काका. हा खेळ फक्त पळायचा.”

मी लिहिलं: प्रणाली, पाच वाजता, कारण – व्यायाम.

पहिल्या आठवड्यात आलेल्यांची नोंद माझ्याकडे आहे. रुचिता, कारण – प्रणालीला निरोप. ही आळीच्या टोकाला शिवणकाम करते आणि बोलण्याच्या आधी धावते. राही, कारण – चार्जर राहिला. शाळेत कबड्डी खेळायची, आता कडेवर दीड वर्षाचं पोर. आणि पाचव्या दिवशी, डोक्यावर पदर घेऊन, कमळवहिनी. कुलदीपशेठची सख्खी आई.

“वहिनी, कारण काय लिहू?”

वहिनींनी मागे बघितलं. “लिहा भावजी... कोंबडी हरवलीय. इकडं आली असंल.”

मी लिहिलं: कोंबडी शोधणे. सांगून टाकतो, पुढचे सहा आठवडे ती कोंबडी काही सापडली नाही. आठवड्यातून चार वेळा हरवायची, तीही बरोबर सव्वापाचला.

महिनाभरात अकरा जणी झाल्या. मी गेटवरून आत डोकवायचो. शटरमागे लाकडी पॅलेट आडव्या लावून त्यांनी बांध केला होता, दोन्ही टोकांना गॅरेजमध्ये जोडून घेतलेले पाइपाचे गोल, त्यांना जुनं मासेमारीचं जाळं. चेंडू जमिनीवरून असा सरकायचा की नजर मागे राहायची. ज्या बायका रस्ता ओलांडताना दहादा विचार करतात, त्या काठी हातात आली की वळून न बघता पळायच्या. दोन दिवसांत काठी धरता यायची, आठवड्यात चेंडू दुसरीकडे देता यायचा.

एकच अडचण होती. दोन तास मोकळी अशी बाई आमच्या गावात जन्माला आलेली नाही. रुचिताला मधेच कुकर बंद करायला जायचं असायचं. राहीचं पोर रडायचं. कमळवहिनींना दिवाबत्ती. आणि ज्या आत राहायच्या त्या हातातली काठी सोडायला तयार नसायच्या. पुन्हा मिळेल न मिळेल. म्हणून धापा टाकत, कंबरेवर हात ठेवत, पण आतच.

“बदली करा!” प्रणाली ओरडायची. “ह्या खेळात कधीही बदली करता येते. पंचाला विचारायचं नाही, खेळ थांबवायचा नाही. एक बाहेर, दुसरी आत!” कुणी ऐकायचं नाही.

त्यांना ऐकायला लावलं सोनाबाईंनी. सोनाबाई म्हणजे गोडाऊनची झाडलोट करणारी, पासष्टीची बाई, तोंडात मिश्री आणि हातात लांब दांड्याचा वायपर. तीन नंबरचं छप्पर कोपऱ्यात गळायचं, तिथलं पाणी ही ओढत शटरबाहेर काढायची. हे गोडाऊन जिथं उभं आहे तिथंच तिच्या सासऱ्याचं मिठागर होतं. म्हणून ती गोडाऊनला अजून ‘आगर’च म्हणते. मालकाला तोंडावर “तुज्या आगरात गलतंय” असं सांगते.

तर एक दिवस चेंडू तिच्या पायाशी आला. तिने तो वायपरनेच ओढत ओढत, न उचलता, दोघींच्या मधून गोलात नेऊन घातला आणि मग वायपर टेकून म्हणाली, “हान्ता कशाला गो? वरा. हान्ला का जातो, वरला का संगती येतो.”

ओढा, मारू नका. इतकं सांगून गेली असती तरी पुरे होतं. पण ती टायरवर बसली.

“आनि तू गो रुचिता, धापा टाकतेस तरी काठी सोडत न्हाय. काठी काय माहेरून आनलीस?”

“सोडली तर परत मिळत नाही, आजी.”

“आमच्या आगरात मीठ वरायची फली दोघींत एक असायची. एकीनं मीठ वरत बांधाशी आनलं का दुसरीनं तितंच फली धरायची. खाली ठेवायची न्हाय. खाऱ्या पान्यात पाय किती वेल ठेवशील? भेगा परतात. म्हनून पाली, एकदा तुजी एकदा माजी. दमून कोन बसली न्हाय आनि फली कवा थांबली न्हाय. मी सांगतंय तवा उतरायचं.”

दुसऱ्या दिवसापासून सोनाबाई टायरवर आणि अकरा जणी तिच्या तोंडाकडे बघत. “रुचिता, उतर!” म्हटलं की रुचिता पॅलेटशी येऊन काठी पुढचीच्या हातात देऊन बाहेर. खेळ चालूच. खऱ्या खेळात प्रत्येकीची काठी वेगळी असते, पण आमच्याकडे नऊच होत्या, त्यातली एक मोडकी. एक मिनिट आत, दोन मिनिटं बाहेर. बाहेरच्या दोन मिनिटांत पोराला पाजून होतं, कुकर असलाच तर त्याची शिट्टी मोजून होते. दोन तास कुणाकडेच नव्हते. एक मिनिट मात्र प्रत्येकीकडे निघालं.

सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर प्रज्योत टेप घेऊन येणारच.

प्रज्योत गावच्या क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष. वय चोवीस, टी-शर्टच्या पाठीवर स्वतःचं नाव. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो गेटवर आला. कारण – मोजमाप. आत जाऊन त्याने तीन नंबर लांबीला मोजलं, रुंदीला मोजलं, आणि मधे उभ्या असलेल्या बायकांना “जरा बाजूला” म्हणत त्यांच्यामधूनही मोजलं.

“काय मोजतोयस?” प्रणालीने विचारलं.

“बॉक्स क्रिकेट, ताई. हिरवी मॅट, चारी बाजूंनी नेट, वर लाइट. एक तारखेपासून. शेठशी बोलणं झालंय. अलिबागच्या बंगलेवाल्यांची पोरं येणार खेळायला, गावाचं नाव होईल.”

“आणि आम्ही?”

“तुमचा हा झाडूखेळ काय, शाळेच्या वरांड्यात पण होईल.”

“होईल की. आधी तू तिथं क्रिकेट खेळून दाखव.”

तेवढ्यात शेठची गाडी आली. सहीची वेळ. कमळवहिनी पॅलेटमागे कशा गुप्त झाल्या ते मलाही कळलं नाही. बाकीच्या गेटवर जमल्या.

“शेठ, तुम्ही हो म्हणाला होतात,” प्रणाली म्हणाली.

“अगं रिकामं होतं तोवर म्हटलं ना. टेन्शन नको घेऊ, दुसरीकडे बघू काहीतरी.”

“कुठं?”

“बघू गं.”

प्रज्योत मधे पडला. “ताई, क्रिकेट म्हणजे अख्खं गाव खेळतं. ह्या खेळाचं नाव तरी माहितीय का कुणाला?”

“अख्खं गाव?” प्रणाली म्हणाली. “तुझी आई कितव्या नंबरला बॅटिंगला येते?”

ट्रेलरवर बसलेले ड्रायव्हर हसले. शेठही हसला, आणि हसलेल्या माणसाकडून चुका होतात. तो म्हणाला, “चला, मग एक मॅच होऊन जाऊ दे. तुमच्याच खेळाची. रविवारी. पोरं जिंकली तर मॅट. बायका जिंकल्या तर तीन नंबर रोज पाच ते सात तुमचं. भाडेकरू आला तर त्याचा माल मी दोन नंबरला घालीन. काय प्रज्योत?”

“त्यांच्या खेळात? दहा मिनिटांत गुंडाळतो.”

“काका, लिहून घ्या!” शेठने मला डोळा मारला.

डोळा मारलेला वहीत लिहायला रकाना नाही. बाकीचं मी शब्दन् शब्द शेऱ्याच्या पट्टीत, बारीक अक्षरात लिहिलं. पान पुढे केलं. शेठने फोनवर बोलत बोलत सही ठोकली.

शनिवारपर्यंत प्रणालीला मी दोनदा विचारलं, हरलात तर काय? दोन्हीदा तिने काठ्या मोजायला घेतल्या. तिसऱ्यांदा म्हणाली, “काका, पनवेलहून परत आले तेव्हा काठ्या माळ्यावर टाकल्या होत्या. पाच वर्षं. पुन्हा माळ्यावर टाकणार नाही. हरले तरी नाही. शेठला काय करायचं ते करू दे.”

रविवारी पाऊस असा की पत्र्यावर वाळूचे डंपर रिकामे होतायत. शिट्टी ऐकू येत नव्हती. पंच म्हणून पेणहून निकेत आला होता, प्रणालीबरोबर कॉलेजात खेळलेला. दहा-दहा मिनिटांचे तीन डाव ठरले. गुण लिहायला खडू आणि अर्धं ओढलेलं शटर माझ्याकडे. शेठसाठी खुर्ची आणली. म्हणून कमळवहिनी पॅलेटमागे पदर तोंडावर ओढून, पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. आल्याची नोंद नेहमीचीच. कोंबडी.

पोरं आठ होती. चार आत, गोलात एक, तीन बाहेर. खरं सांगतो, पहिल्या डावात पोरांनी बायकांना नाचवलं. अंगात जोर, पायात वेग. प्रज्योतने लांबून एक हाणला तो गोलात बसलेल्या राहीच्या कानाजवळून जाळ्यात गेला. तीन–शून्य.

पण मी शटरच्या दुसऱ्या कोपऱ्यात वेगळ्या रेघा मारत होतो. पोरांच्या चुका. क्रिकेटचा हात असल्यामुळे चेंडू मारला की काठी आपोआप खांद्यावर. प्रत्येक वेळी निकेत हात वर करायचा आणि चेंडू बायकांकडे. पहिल्या डावात सतरा रेघा.

“अरे फॉलो-थ्रू आहे तो!” प्रज्योत ओरडला.

“कमरेखाली ठेव फॉलो-थ्रू,” निकेत म्हणाला.

दुसरी गोष्ट मला दुसऱ्या डावात दिसली, आणि मग मी हसू आवरायला वहीत तोंड घातलं. पोरांची तीन जणं बाहेर कोऱ्या टी-शर्टात उभी होती, ती उभीच राहिली. आतली चार जणं पळून पळून लाल झाली, जिभा बाहेर आल्या, पण एकही बाहेर येईना. येणार कशी? लहानपणापासून त्यांनी एकच शिकलेलं, की बाहेर जावं लागलं म्हणजे आऊट. आपण होऊन कोण आऊट होतं? बाहेरून एक जण केविलवाणा म्हणाला, “प्रज्योतदादा, मी येऊ?” तर प्रज्योत म्हणाला, “थांब रे, सेट झालोय!”

इकडे टायरवर सोनाबाई. पावसाच्या वर तिचा आवाज. “उतर गो! चल तू! उतर! राहूं दे तिला, तू उतर!” मी मोजत होतो. दहा मिनिटांत एकेचाळीस बदल्या. काठी एकदाही जमिनीला टेकली नाही. एक दमायच्या आत दुसरी ताजी, आणि पोरांना वाटायचं तीच बाई पळतेय, थकत कशी नाही.

रुचिताने चेंडू मारला नाही, ओढला. डावीकडे ओढला, उजवीकडे ओढला, प्रज्योत दोन्हीकडे गेला आणि चेंडू मधून गेला. तीन–एक. मग रागाच्या भरात एका पोराने प्रणालीच्या काठीवर काठी घातली, तिसऱ्यांदा. निकेतने त्याला दोन मिनिटं बाहेर काढलं. पोराने काठी बगलेत मारली, मान खाली घातली, आणि चालत चालत शटरमधून, गेटमधून, पावसातून सरळ घरी गेला. दोन मिनिटांनी परत यायचं असतं हे त्याला कुणी सांगेपर्यंत तो मारुतीच्या देवळापाशी पोचला होता. मी नोंद केली: बाहेर, पाच वाजून बावन्न.

त्या दोन मिनिटांत रुचिताने दुसरा, प्रणालीने तिसरा. तीन–तीन. शिट्टी. पाच मिनिटं विश्रांती.

विश्रांतीत पोरं गेटवरच्या टपरीवर चहाला गेली. गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. आपापसात कुजबुज झाली. मग प्रज्योत शेठकडे आला.

“शेठ, पाऊस बघा. शिट्टी ऐकू येत नाही. उजेड पण गेला. इथंच थांबवू. बरोबरीत.”

“इथं लाइट आहे,” प्रणाली म्हणाली. “आणि पाऊस छपरावर पडतोय, तुझ्या डोक्यावर नाही.”

“आम्ही नाही खेळत. मॅच रद्द.”

शेठला सुटल्यासारखं झालं. खुर्चीतून उठला. “बरोबर आहे. निकाल नाही म्हणजे जसं होतं तसं. प्रणाली, मस्त खेळलात हां तुम्ही, मानलं. मॅट उद्या येतेय, तेवढं पॅलेट बाजूला...”

“विश्रांतीची चार मिनिटं झालीत,” प्रणाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मी खडू खाली ठेवला. “पाचव्या मिनिटाला शिट्टी वाजेल. जे आत असतील ते खेळतील. नसतील ते नसतील. कोणी घरी गेलं म्हणून वेळ थांबत नाही, शेठ. हे क्रिकेट नाही.”

“अगं पण समोर कोणीच नाही!”

“ते त्यांचं त्यांनी बघावं.”

निकेतने शिट्टी वाजवली. चार बायका आत, राही गोलात गुडघ्यांवर. समोर रिकामं मैदान आणि रिकामा गोल. प्रज्योत टपरीवर चहाचा ग्लास घेऊन हसत होता. पाच सेकंदांनी रुचिताने चेंडू जाळ्यात घातला. मी शटरवर चार लिहिलं. प्रज्योतचं हसू तसंच राहिलं, नुसतं त्यातलं कारण गेलं.

नुसता चेंडू ढकलत बसल्या असत्या तर चेष्टा झाली असती. त्या खेळल्या. पूर्ण वेगाने, एकमेकींना देत, समोर कुणी असल्यासारखं वळत. पाच. सहा. सोनाबाई ओरडत होती, काठ्या हातोहात जात होत्या. ड्रायव्हर पॅलेटवर चढून बसले आणि त्यांनी पत्रा बडवायला सुरुवात केली. शेठ मैदानाच्या मधे येऊन हात हलवत होता, “अरे थांबा, थांबा ना यार!” आणि त्या त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होत्या.

तेव्हा सोनाबाई ओरडली, “कमल! उठ. तुजी पाली.”

पॅलेटमागे काही हललं नाही.

“कमल, ती उतरली, फली हवेत हाय! कोन धरनार?”

राहीची जाऊ बाहेर आली होती, काठी पुढे धरून. घ्यायला कुणी नव्हतं. सोनाबाई टायरवर बसल्यापासून पहिल्यांदा काठी कुणाच्या हातात न जाता थांबली. एक, दोन, तीन. मी मोजत होतो. चारच्या आत कमळवहिनी उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला, काठी धरली आणि आत गेल्या.

“आई?” शेठ म्हणाला. “आई, तू इथं काय करतेस?”

“सरक,” कमळवहिनी म्हणाल्या. “मधे उभा हायेस.”

तो सरकला.

वहिनींचा पहिला चेंडू गोलाच्या बाहेर गेला. दुसरा पाइपाला लागून परत आला. तिसरा त्यांनी गोलाच्या तोंडाशी नेऊन, दोन्ही हातांनी, जमिनीला काठी घासत, शेवटपर्यंत ओढत आत नेला. चौपन्न वर्षांच्या बाईला इतकं मोठ्याने ओरडताना मी पाहिलं नव्हतं. “उतर,” सोनाबाई म्हणाली. “एक मिनिट झाला.” आणि वहिनी मुकाट उतरल्या. ती शिस्त बघून मला शेठची दया आली.

शिट्टी झाली तेव्हा शटरवर सतरा–तीन होतं.

शेठ गेटवर आला. “काका, हे असं काही मी लिहून दिलं नव्हतं हां. मी गमतीत बोललो.”

मी वही उघडली, शेऱ्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. बारीक अक्षर त्याने डोळ्यांशी नेऊन वाचलं. खाली सही.

“ही गेटची वही आहे. स्टॅम्पपेपर नाही.”

“नाही,” मी म्हटलं. “पण सही तुमची आहे.”

मग तो अकरा वर्षांत पहिल्यांदा पानं उलटून वाचायला लागला. कोंबडी शोधणे. कोंबडी शोधणे. चार्जर. कोंबडी शोधणे. सासूपाशी क्षणभर थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी पावसाकडे बघितलं.

तेवढ्यात त्याची आई आली. पदर खोचलेलाच, कपाळावर घाम. “भावजी, ती कोंबडी खोडा.”

“वहीत खोडता येत नाही, वहिनी.”

“मग खाली नवीन लिहा. अकराच्या अकरा नावं. कारण काय ते मी सांगते.”

“आई, घरी बोलू.”

“घरी जेवायला बोलू. इथं लिहू दे.”

मी एकेकीचं नाव लिहिलं. त्यातल्या पाटणकरांकडच्या दोघींनी मागे बघितलं, मग पुढे बघून नाव सांगितलं. अकरा ओळी. येण्याचं कारण – फ्लोअरबॉल. अकरा वेळा, पूर्ण अक्षरांत. वर लिहून खाली दोन टिंबं द्यायची माझी सवय आहे, ती त्या दिवशी मोडली. लिहून होईस्तो त्या परत आत गेल्या होत्या. सात वाजायला वीस मिनिटं होती आणि ती त्यांना वाया घालवायची नव्हती.

शेठ वैतागून म्हणाला, “पुरे झालं. बाहेर काढा सगळ्यांना आणि वेळ टाका.”

“टाकतो शेठ. पण त्या आत-बाहेर करतायत. कुणाची कुठली वेळ टाकू?”

आतून सोनाबाईंचा आवाज आला, “उतर गो!” त्या पानावर त्याने सही केली नाही. गाडीत बसून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अलिबागहून टेम्पो आला, हिरव्या मॅटच्या गुंडाळ्या भरून. ड्रायव्हर म्हणाला, तीन नंबरला उतरवायचंय. मी म्हटलं, चावी माझ्याकडे नाही. ती काल रात्रीपासून शेठच्या घरी आहे, खुंटीवर नाही, कमळवहिनींच्या कमरेला. शटरपुढे सोनाबाई वायपर आडवा धरून बसली होती. बाजूला प्रणाली, ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी टाकून, आणि रुचिता, गळ्यात शिवणाची टेप. प्रणालीने पिशवीची चेन ओढली आणि काठ्या एकेक करून भिंतीला लावायला लागली. देवळापर्यंत गेलेली धरून नऊ.

ड्रायव्हरने शेठला फोन लावला. बराच वेळ नुसतं “हां, हां” केलं. मग मला म्हणाला, “परत न्यायला सांगितलंय. आलो कशाला म्हणून लिहिता?”

मी बघून घेतलं, आल्याची वेळ चार दहा. गेल्याची चार पंचवीस. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘चुकून’.

संध्याकाळी शेठ आला. गाडीतून उतरला, आतल्या आरड्याओरड्याकडे कान दिला, वही घेतली. सगळं पान वाचलं, अगदी पट्टीपर्यंत. मग आदल्या दिवसाचं पान उलटलं, तेही वाचलं, अकराच्या अकरा ओळी. दोन्हीवर सही केली.